दुर्बिणीची झाकणं सारखी पडतात, फाटतात, हरवतात: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

"सर, परत झाकण गेलं."

पाऊस ओसरून ऑक्टोबरातल्या फेऱ्या सुरू झाल्या की हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं. आंबोली-तिलारी पट्ट्यात पक्षी दाखवणाऱ्या गावातल्या मुलांचा एक गट आहे. त्यांच्या दुर्बिणींची देखभाल गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. बहुतेक दुर्बिणी ८×४२ च्या (८ म्हणजे आठपट मोठं दाखवणाऱ्या; ४२ बद्दल पुढे), काही १०×४२ च्या आणि एक जुनी, वजनदार ७×५०. इतक्या वर्षांत मी भिंगांपेक्षा झाकणांशीच जास्त झटलो आहे. भिंगं बिघडली तेव्हाही बहुतेक वेळा सुरुवात झाकणापासूनच झाली होती.

झाकण गेलं की लोक नवीन मागवतात. तेही चार महिन्यांत जातं, मग "हल्ली रबरच चांगलं येत नाही" असं म्हणून मोकळे होतात. कधी कधी ते खरंही असतं. पण माझ्यापर्यंत आलेल्या बहुसंख्य झाकणांचं रबर ठीक होतं. चुकलेलं असायचं माप, झाकण ज्याला जोडलेलं असतं त्या कड्याची दिशा किंवा ठेवण्याची पद्धत. म्हणून पैसे खर्च करण्याआधी खालची तपासणी त्याच क्रमाने करा. पहिल्या तीन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

आधी लक्षण नीट पाहा

"झाकण खराब झालं" एवढ्यावर काही करता येत नाही. नेमकं काय झालं ते बघा.

- चालताना समोरचं झाकण आपोआप उघडतं आणि लोंबत राहतं.
- झाकण आणि नळीवरचं कडं यांना जोडणारी पट्टी तुटते. तुटण्याआधी तिच्या मुळाशी बारीक आडव्या चिरा दिसतात. पट्टी वाकवून उजेडात धरली की त्या उघडतात.
- अख्खं कडंच नळीवरून सरकतं आणि झाकणासकट जंगलात राहतं.
- डोळ्याकडचं जोड-झाकण एका बाजूने उचकटतं. दाबून बसवलं की दुसरी बाजू उचलली जाते.
- रबर हाताला चिकट लागतं, त्यावर धूळ आणि कापडाचे तंतू बसतात.
- रबर कडक होतं, पांढुरकं पडतं, वाकवलं की तडकतं.
- झाकण काढल्यावर भिंगावर वाफ, पाण्याचे सुकलेले डाग किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. झाकणाला आतून कुबट वास येतो.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून थेट ओलीच्या तपासणीकडे जा. पट्टी आठ दिवसांनी बदलली तरी चालेल, बुरशी आठ दिवस थांबत नाही.

झाकण धुवा

सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची तांबडी धूळ कधी बोटांत चोळून पाहिलीत? जांभ्याची ती धूळ पिठासारखी दिसते, पण तिच्यात कचकच असते. ती नळी आणि कड्याच्या मधे शिरते. चालताना कडं जरा जरा हलतं आणि धूळ पॉलिश पेपरासारखी दोन्ही बाजूंनी रबर घासत राहते. कडं सैल होण्याचं हे एक मोठं कारण आहे. धुळीच्या थरावर रबराची पकड बसत नाही, त्यामुळे चांगलं कडंही सैल वाटतं.

झाकणं आणि कडी दुर्बिणीवरून पूर्ण काढा. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या मऊ दात-ब्रशने आतली खाच घासा. साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवा. नळीचा रबरी भागही ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. समुद्रकिनाऱ्यावर गेला असाल तर हे त्याच संध्याकाळी करा. मीठ सुकलं की त्याचे खडे होतात आणि हवेतली ओल ओढत बसतात.

झाकणाची आतली बाजू सगळ्यात महत्त्वाची. ती भिंगापासून काही मिलिमीटरवर असते. तिथे धूळ असेल तर झाकण लावताना आपण ती आपल्याच हाताने भिंगावर टाकतो, आणि मग कुणीतरी शर्टाच्या टोकाने भिंग पुसतं. आमच्या दुर्बिणींवरचे जवळजवळ सगळे ओरखडे असेच आले आहेत. भिंगावर आधी फुंकणी, मग मऊ ब्रश आणि शेवटी स्वच्छ मायक्रोफायबर कापड, हा क्रम कधीही उलटा करू नका.

धुतल्यावर झाकण घट्ट बसलं तर काम संपलं. असं बरेचदा होतं.

डोळ्याकडचं झाकण उचकटत असेल तर

इथे दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे आयकप. डोळ्याजवळची ही गोल कडी फिरवून वर-खाली होते. चष्मा न लावणारे ती वर करून बघतात आणि तशीच ठेवून झाकण लावतात. अनेक दुर्बिणींत आयकप वर असताना झाकण फक्त कडेवर टेकतं, खाली उतरत नाही. पहिल्याच हिसक्याला ते उडतं. आयकप पूर्ण खाली फिरवा आणि मग लावा.

दुसरी गोष्ट दोन डोळ्यांमधलं अंतर. दुर्बीण मधल्या बिजागरीवर उघडते-मिटते ती यासाठीच. जोड-झाकणाच्या दोन टोप्यांमधला पूल मात्र ठरावीक लांबीचा असतो. कुणी दुर्बीण पूर्ण फाकवून ठेवली की पूल ताणला जातो आणि एक टोपी वर येते. पूर्ण मिटली की पूल कमान धरतो आणि दोन्ही टोप्या तिरक्या बसतात. म्हणून दुर्बीण आधी मधल्या स्थितीत आणा, मग झाकण बसवा. आमच्या गटात एकच दुर्बीण तिघे-चौघे पर्यटक आलटून पालटून वापरतात, त्यामुळे हा घोळ रोजचा. मी प्रत्येक दुर्बिणीच्या बिजागरीवर पांढऱ्या रंगाची छोटी खूण केली आहे. दोन रेषा जुळल्या की झाकण लावायचं.

या झाकणाला गळ्यातल्या पट्ट्यासाठी सहसा दोन्ही बाजूंना फटी असतात. दोन्हीतून पट्टा ओवला तर झाकण डोळ्यांसमोर येत राहतं, घाईत माणूस ते ओढतो आणि फटीची कड फाटते. पट्टा एकाच बाजूने ओवा, म्हणजे काढलेलं झाकण बाजूला लोंबतं. मी डावी बाजू ठेवतो, कारण उजव्या हाताचं बोट फोकसच्या चाकावर असतं.

समोरच्या कड्याची दिशा

कडं नळीभोवती फिरवता येतं आणि बहुतेक लोक ते पहिल्या दिवशी जसं बसेल तसं सोडून देतात. पट्टी वर आली तर उघडलेलं झाकण भिंगासमोर पडतं आणि आपण ते सारखं हाताने मागे ढकलतो. पट्टी आतल्या बाजूला आली तर दोन्ही झाकणं एकमेकांवर आपटतात. बाहेरच्या बाजूला आली तर कारवी आणि करवंदाच्या जाळ्यांतून जाताना ती हमखास अडकतात. पट्टी बरोबर खाली, किंचित बाहेरच्या अंगाला हवी. तिथे झाकण स्वतःच्या वजनाने उघडं राहतं आणि पट्टीला पीळ पडत नाही. पीळ महत्त्वाचा, कारण पट्टी नुसती वाकून तेवढी झिजत नाही जेवढी वाकताना पिळली जाऊन झिजते.

दाट झुडपातून बराच वेळ जायचं असेल तर समोरची झाकणं कड्यासकट काढून खिशात ठेवा. हे मी गटाला आग्रहाने सांगतो. हरवलेल्या झाकणांपैकी बहुतेक पायवाटेवरच्या काट्यांनी नेली आहेत.

माप, ज्याबद्दल सगळे चुकतात

आता वेळ काढून वाचा, कारण नव्या झाकणांचे निम्म्याहून जास्त पैसे इथे वाया जातात.

८×४२ मधला ४२ हा आकडा समोरच्या भिंगाचा व्यास आहे, मिलिमीटरमध्ये. झाकण भिंगावर बसत नाही, नळीच्या बाहेरच्या अंगावर बसतं. भिंगाभोवती धातूची किंवा प्लॅस्टिकची नळी असते आणि तिच्यावर रबराचं आवरण. त्या आवरणाची जाडी प्रत्येक मॉडेलला वेगळी. त्यामुळे दोन ८×४२ दुर्बिणी शेजारी ठेवल्या तर एकीची नळी बाहेरून ५० मिलिमीटर भरते आणि दुसरीची ५४. "४२ साठी" म्हणून घेतलेलं झाकण पहिलीवर सैल आणि दुसरीवर जबरदस्तीने चढवलेलं असतं.

वर्णियर कॅलिपर असेल तर उत्तम. नसेल तर वहीच्या कागदाची एक सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, नळीच्या तोंडाशी घट्ट गुंडाळा, जिथे टोक दुसऱ्या थरावर येतं तिथे पेन्सिलने खूण करा. कागद उलगडून खुणेपर्यंतची लांबी मोजपट्टीने मोजा आणि ३.१४ ने भागा. १६३ मिलिमीटर आले तर व्यास साधारण ५२. सुतळीने मोजू नका, ती ताणली जाते आणि माप कमी येतं. दोन्ही नळ्या मोजा आणि दोन ठिकाणी मोजा, कारण काही नळ्या तोंडाशी किंचित रुंद होतात.

रबरी किंवा सिलिकॉनच्या कड्याचा आतला व्यास नळीपेक्षा दीड-दोन मिलिमीटर कमी असावा. म्हणजे कडं थोडंसंच ताणलेलं राहील. यापेक्षा सैल असेल तर सरकेल. यापेक्षा बराच घट्ट असेल तर सुरुवातीला छान वाटेल, पण नंतर त्रास देईल. साधं रबर सतत ताणलेलं राहिलं की हवेतला ओझोन त्याला खातो आणि ताणाच्या आडव्या दिशेला चिरा पडतात. सैल पडलेल्या रबराला त्याच हवेत तसं होत नाही. जुना रबर बँड वहीभोवती ताणून ठेवलेला असला की तडकतो आणि ड्रॉवरमध्ये मोकळा असला की टिकतो, यामागे हेच कारण आहे. घट्ट कड्याचा दुसरा तोटा म्हणजे ते चढवताना प्रत्येक वेळी पट्टीला धरूनच ओढलं जातं.

बसलं की नाही ते असं पाहा. झाकण लावून दुर्बीण तोंड खाली करून धरा आणि दहा वेळा हलके झटके द्या. पडलं तर सैल. काढायला दोन्ही अंगठे लावावे लागत असतील तर घट्ट. एका बोटाने कड उचलली की निघालं तर बरोबर.

कडं थोडंसंच सैल असेल तर नवीन घेऊ नका. सायकलच्या जुन्या ट्यूबचं एक सेंटिमीटर रुंद कडं कापा, नळीवर चढवा आणि त्यावर झाकणाचं कडं बसवा. नळी ट्यूबपेक्षा फारच जाड असेल तर ट्यूब उभी कापून एक थर गुंडाळता येतो. इलेक्ट्रिशियनची काळी टेप मात्र वापरू नका. एप्रिल-मेच्या उन्हात तिचा गोंद पाघळतो, नळीवर चिकट थर राहतो आणि तो निघता निघत नाही.

रबराला काय लागलं?

चिकट किंवा फुगलेलं रबर आणून दिलं की मी आधी विचारतो, "हाताला काय लावलं होतंस?"

डासांसाठी लावायच्या काही क्रीम आणि फवाऱ्यांत डीट नावाचं रसायन असतं. ते त्वचेवर चालतं, पण अनेक प्लॅस्टिक आणि मऊ लेप ते विरघळवतं. जळवांसाठी पायाला तेल चोळतात आणि त्याच हाताने झाकण उघडतात. साधं रबर तेल शोषून फुगतं आणि त्याची ताकद जाते. सनस्क्रीनमध्येही तेलं असतात. म्हणून काहीही लावलं तर तळहात साबणाने धुवा, पाणी नसेल तर निदान ओल्या रुमालाने पुसा, आणि मग दुर्बीण हातात घ्या. पर्यटकांना हे सांगायला गाईड संकोचतात. पण फेरी सुरू होण्याआधी एकदा सांगितलं की कुणी वाईट वाटून घेत नाही.

काहीही न लागताही रबर चिकट होऊ शकतं. मखमली स्पर्शाच्या काही झाकणांवर पॉलियुरेथेनचा मऊ लेप असतो. दमट हवेत काही वर्षांत तो आपोआप विघटित होतो. त्यावर इलाज नाही. झाकण सुटं काढून, दुर्बिणीपासून लांब, आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिकट थर पुसून टाकला तर खालचं कडक झाकण आणखी एखादा हंगाम चालतं. चिकटपणावर टाल्कम पावडर टाकण्याचा उपाय लोक सांगतात. तो दोन दिवस टिकतो आणि पावडर फोकसच्या चाकात व भिंगाच्या कडेला जाऊन बसते. करू नका.

कडक झालेल्या रबराचं कारण बहुतेक ऊन आणि उष्णता. बंद जीपच्या काचेखाली दुर्बीण ठेवू नका. झाकण उघडं असेल तर भिंगातून ऊन एकवटतं ही आणखी मोठी भीती.

ओल

तिबोटी खंड्या पावसाळ्यातच कोकणात घरटं करायला येतो, त्यामुळे लोक जून-जुलैतही दुर्बिणी घेऊन निघतात. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घरात भिंतीसुद्धा घाम धरतात. अशा हवेत झाकणाचं काम उलटं होतं, हे मला उशिरा कळलं.

देखभाल हातात घेतली त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. जुलैत भिजून आलेल्या सहा दुर्बिणी मी वरून कोरड्या पुसल्या, भिंगांना जपायचं म्हणून सगळी झाकणं नीट लावली, प्रत्येक दुर्बीण तिच्या चामडी पिशवीत घातली आणि कपाट बंद केलं. दसऱ्याला काढल्या तेव्हा दोन दुर्बिणींत बुरशीचे धागे पसरले होते. त्यातली एक एका निवृत्त शिक्षकांनी गटाला दिलेली होती. त्यांनी तिच्यातून धनेश पाहण्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं. बुरशी साफ केली तरी भिंगावरच्या लेपात तिचे ठसे कायमचे राहिले.

झालं होतं ते एवढंच. झाकण आणि भिंग यांच्या मधे पाण्याचे चार थेंब राहिले, झाकणाने त्यांना बाहेर पडू दिलं नाही, आणि धूळ व बोटांचा तेलकटपणा बुरशीला खायला मिळाला. आर्द्रता दीर्घकाळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला एवढं पुरतं. चामडं आणि कापडी पिशवी स्वतःच ओल धरून बसतात.

"पण सर, ही वॉटरप्रूफ आहे," असं मला नेहमी सांगतात. वॉटरप्रूफ म्हणजे आत नायट्रोजन भरलेला आणि सांध्यांना रबरी रिंगा लावलेल्या. त्याने पाणी आत शिरत नाही. भिंगाची बाहेरची बाजू उघडीच असते आणि बुरशी तिथेही धरते.

म्हणून भिजून आल्यावर झाकणं लावायची नाहीत, काढायची. दुर्बीण मऊ फडक्याने टिपा, झाकणं वेगळी करा, आयकप वर करून त्यांच्या खाली अडकलेलं पाणी टिपा, आणि सगळं रात्रभर पंख्याखाली उघडं ठेवा. चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरसमोर नको. झपाट्याने तापल्याने सांध्यांचे गोंद आणि रिंगा बिघडतात. दुसऱ्या दिवशी कोरडी झाली की रबरी कडेच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे दाणे) ठेवा. दहा-बारा लिटरच्या डब्याला मी पाव किलो जेल टाकतो आणि आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवतो. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे असावा. डब्यात मी समोरची झाकणं लावत नाही. डब्यात धूळ येणार नाही, मग झाकण कशाला? शिवाय कड्यांनाही चार महिने ताणातून सुट्टी मिळते.

जेल नारिंगी घ्या. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं क्षार असतं, ते हाताळायला चांगलं नाही. रंग उतरला की जेल वेगळ्या ठेवलेल्या जुन्या कढईत मंद आचेवर हलवत हलवत तापवा. त्या कढईत पुन्हा स्वयंपाक नको. आच मोठी केली तर दाणे तडतडून फुटतात. तांदळाचा डबा हा उपाय नव्हे, तांदूळ फारशी ओल ओढत नाही आणि त्याची पूड मात्र सगळीकडे जाते. डांबरगोळ्या तर अजिबात टाकू नका. त्यांची वाफ काही प्लॅस्टिक मऊ करते आणि थंड भिंगावर थर धरते.

तुटलेली पट्टी जोडायची असेल तर

इन्स्टंट गोंद नको. याबद्दल मी कठोर आहे. तो गोंद वाळला की काचेसारखा ठिसूळ होतो, आणि पट्टीला तर दिवसातून पन्नास वेळा वाकायचं असतं. त्याची वाफ त्याहून वाईट, ती जवळच्या भिंगावर पांढरा धुरकट थर बसवते. आंबट वासाचं सिलिकॉन सीलंटही दुर्बिणीवर लावू नका, त्यातून सुटणारं अॅसिटिक आम्ल धातूला गंज आणतं.

मी तंगूस वापरतो, मासे पकडायचा. झाकणाच्या कडेला आणि कड्याला एकेक भोक पाडतो. प्लॅस्टिकच्या झाकणात तापवलेल्या दाभणाने पाडलं तर भोकाची कड वितळून गोल होते आणि फाटत नाही. सिलिकॉन आणि साधं रबर असं वितळत नाही, त्यांना चामड्याला भोकं पाडायचा पंच लागतो. भोक कडेपासून किमान चार मिलिमीटर आत हवं. तंगूस दोन पदरी ओवून गाठ बाहेरच्या बाजूला बांधा आणि टोक काडीने किंचित वितळवा, पण हे सगळं झाकण दुर्बिणीवरून उतरवूनच. लांबी एवढीच ठेवा की झाकण लावता येईल, उघडल्यावर खाली लोंबेल, पण हिंदकळून भिंगासमोर येणार नाही. अशी दुरुस्त केलेली दोन झाकणं आमच्याकडे पाचव्या हंगामात आहेत.

नवीन घ्यायचंच असेल तर

शक्य असेल तर सिलिकॉनचं घ्या. त्याला धूळ आणि तंतू जास्त चिकटतात, पण ओझोन, ऊन आणि ओल यांच्यापुढे ते साध्या रबरापेक्षा खूप जास्त टिकतं. विकणारा सगळ्यालाच सिलिकॉन म्हणतो. तुटलेल्या पट्टीचा नखाएवढा तुकडा घराबाहेर चिमट्यात धरून जाळून पाहा. सिलिकॉनची पांढरी राख उरते, साधं रबर काळा धूर आणि काजळी सोडतं. पट्टी मुळाशी गोलाई घेऊन कड्याला मिळते का तेही पाहा. काटकोनात जोडलेली पट्टी त्याच कोपऱ्यात तुटते.

परदेशात शिकारी रायफलच्या स्कोपसाठी (नेम धरायच्या दुर्बिणीसाठी) स्प्रिंगची, टिचकीसरशी उघडणारी झाकणं बनतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न नाही, पण ती झाकणं ऑनलाइन दिसतात आणि आमच्या दोन मुलांनी हौसेने दुर्बिणीला लावून पाहिली. स्कोपची नळी उघड्या धातूची आणि कडक असते, त्यावर त्यांचं कडक कडं पकड घेतं. दुर्बिणीच्या मऊ रबरी आवरणावर ते सरकतं. उघडलेलं झाकण फांदीला अडकलं की बिजागरीची बारीक पिन तुटते. शिवाय उघडताना "टक्" असा आवाज होतो आणि समोरचा पक्षी उडतो. त्या झाकणांकडून एकच गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांची मापं भिंगाच्या नाही, नळीच्या बाहेरच्या व्यासावर दिलेली असतात. दुर्बिणीची झाकणं विकणाऱ्यांनीही तसंच करायला हवं.

थ्री-डी प्रिंटरवर झाकण करून घेणार असाल तर पीएलए प्लॅस्टिक नको. ते साठ अंशांच्या सुमारास मऊ पडतं आणि उन्हातल्या गाडीत वाकडं होतं. टीपीयू, म्हणजे रबरासारखं लवचीक प्लॅस्टिक, सांगा.

इथे थांबा

झाकणाचं काम तुमचं. झाकणामागचं काही बिघडलं असेल तर पेचकस हातात घेऊ नका.

खोलीत अंधार करून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड समोरच्या भिंगावर तिरका टाका आणि कडेने पाहा. दुर्बिणीतून थेट टॉर्चकडे पाहायचं नाही. डाग किंवा धागे बाहेरच्या पृष्ठभागावर असतील तर फुंकणी, ब्रश आणि लेन्सच्या द्रवाने ओलसर केलेल्या कापडाने ते निघतील किंवा निदान जागा बदलतील. जागचे हललेच नाहीत तर ते आत आहेत, किंवा लेपात खोल गेले आहेत. दोन्ही बाबतीत जास्त घासू नका, त्याने लेप जाईल.

आतल्या भिंगावर बुरशी किंवा वाफ दिसली, पडल्यानंतर एकाच पक्ष्याच्या दोन प्रतिमा दिसायला लागल्या, दहा मिनिटं पाहिल्यावर कपाळ दुखायला लागलं, आयकप फिरेनासा झाला किंवा नळीवरचं रबरी आवरण सुटून फुगलं, तर दुर्बीण प्रकाशीय उपकरणं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडेच न्या. कंपनीची हमी चालू असेल तर आधी तिथे. दुर्बीण उघडली की आतला नायट्रोजन जातो, रिंगांची बैठक बिघडते आणि दोन नळ्यांची एकरेषता हलते. ती एकरेषता परत आणायला खास उपकरणं लागतात. घरी अंदाजाने स्क्रू फिरवून ती येत नाही. हमीही त्याच क्षणी संपते.

पाठवण्याआधी दुरुस्तीचा लेखी अंदाज मागा. नायट्रोजन पुन्हा भरून देणार का, हे स्पष्ट विचारा. बुरशी असलेली दुर्बीण वेगळ्या पिशवीत बंद करा आणि तोपर्यंत बाकीच्यांच्या डब्यात ठेवू नका. तिची झाकणं साबणाने धुऊन, अल्कोहोलने पुसून, उन्हात दोन तास वाळवा. सोबत एक चिठ्ठी घाला: केव्हा भिजली, केव्हा पडली, कोणत्या बाजूला काय दिसतं. आमच्या डब्याच्या झाकणावर अशा कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे.